पी.टी.चे सर घडतात कुठे?

शाळेत कोणाचाही पोर्शन मागे पडला की तास जातो तो पी.टी.चा. गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहतात, पी.टी.चे सर मान डोलावतात आणि मुलं हिरमुसून पुन्हा दप्तरं उघडतात. दहावीच्या वर्षी तर हा तास नुसता वेळापत्रकाच्या कागदावर असतो. दरवर्षी २९ ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, यावर हळहळ व्यक्त होते. आता महाराष्ट्रात खाशाबा जाधवांच्या जयंतीला, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन साजरा होतो. तेव्हा ती आणखी एकदा होते. पालकांना मार्कांचं वेड, संस्थाचालकांना निकालाचं आणि सरकारकडे पैसा नाही, ही तीन कारणं ठरलेली. ती खोटी नाहीत. पण त्यांच्या आडोशाला चौथं एक कारण निवांत बसलेलं आहे आणि त्याला कोणी उठवत नाही. हे सर ज्या महाविद्यालयांतून शिकून येतात, ती त्यांना नेमकी कशासाठी तयार करतात?

माझं म्हणणं असं की आपली शारीरिक शिक्षण महाविद्यालयं एकाच माणसाला शिक्षकही करायला बघतात आणि प्रशिक्षकही, आणि या ओढाताणीत तो धड दोन्ही होत नाही. वर्गातल्या साठही मुलांना हलतं-फिरतं ठेवणं हे एक काम. त्यांतल्या दोघांना राज्य स्पर्धेपर्यंत नेणं हे दुसरं. दोन्हींना वेगळी विद्या लागते, वेगळी नजर लागते, धीरसुद्धा वेगळा लागतो. पहिल्या कामाचं शिक्षण आपण उरकून टाकतो आणि दुसऱ्या कामाला शिक्षण लागतं हेच अजून आपल्याला पटलेलं नाही.

गंमत म्हणजे हा फरक आपल्या आधीच्या पिढ्यांना बरोबर कळत होता. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं ते शिक्षक तयार करण्यासाठी. मुंबई इलाख्यात स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला प्रशिक्षण संस्था सुरू झाली, तीही शाळांना शिक्षक हवे होते म्हणून. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली हे सगळे अभिमानाने सांगतात. पण गावोगावच्या तरुणांना व्यायाम शिकवायला शिकवणारे मंडळाचे उन्हाळी वर्ग हे त्याहून मोठं काम होतं, असं मला वाटतं. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५७ मध्ये ग्वाल्हेरला लक्ष्मीबाई महाविद्यालय काढलं शिक्षकांसाठी आणि चारच वर्षांनी, १९६१ मध्ये, पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात राष्ट्रीय क्रीडा संस्था काढली प्रशिक्षकांसाठी. कामं दोन, म्हणून संस्था दोन. ही शिवण पुढे कधी उसवली ते नेमकं सांगता येत नाही, पण उसवली ती शाळेत. शाळेला परवडणारा माणूस एकच. मग तोच कवायत घेणार, तोच कबड्डीचा संघ तालुक्याला नेणार, तोच २६ जानेवारीला झेंड्याची दोरी तपासणार आणि उरलेल्या वेळात बदली तास घेणार.

महाविद्यालयांनीही मग या एकाच माणसासाठी अभ्यासक्रम शिवला. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची पदवी, पूर्वी एक वर्षाचं होतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर ते दोन वर्षांचं झालं. वेळ दुप्पट झाला, तेव्हा वाटलं होतं की आता मुलांमध्ये घालवायचा वेळ वाढेल. वाढले ते पेपर. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, ऑलिंपिक चळवळ, योग, संघटन व प्रशासन, क्रीडा प्रशिक्षण, क्रीडा मानसशास्त्र, क्रीडा वैद्यक, जैवयांत्रिकी, मापन व मूल्यमापन, संशोधन व संख्याशास्त्र, क्रीडा व्यवस्थापन. एकेक विषय घेतला तर कशालाच नाही म्हणता येत नाही. सगळे मिळून मात्र असं चित्र उभं राहतं की हा विद्यार्थी उद्या शिक्षक, प्रशिक्षक, फिजिओ, पंच, संशोधक आणि व्यवस्थापक होणार आहे. तो होतो तासिका तत्त्वावरचा पी.टी.चा शिक्षक, तेही नशीब असेल तर.

या अभ्यासक्रमात जे खरोखर नीट शिकवलं जातं त्याचं एक उदाहरण देतो. बी.पी.एड.च्या बऱ्यापैकी विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, चारशे मीटरच्या शर्यतीला दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे सुरुवातीची रेषा पुढे सरकवायचं अंतर, किती? तो सांगेल, ७.०४ मीटर, आणि पुढच्या प्रत्येक लेनला साधारण ७.६७ ची भर. असं का, तर लेन १.२२ मीटर रुंद असते, पहिल्या लेनचं अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर मोजतात आणि बाकीच्यांचं २० वर. टेप, दोरी, खुंट्या आणि फक्कीची घमेली घेऊन ही पोरं पहाटे मैदानात उतरतात आणि दोन तासांत ओसाड माळावर आठ लेनचा ट्रॅक उभा करतात. एकदा बघण्यासारखं काम आहे ते. पांढऱ्या रेषा वळणावर जराही न हलता वळतात. आमच्याकडच्या अनेक अभियंत्यांना हे जमणार नाही, आणि ही विद्या मला अजिबात कमी लेखायची नाही.

पण त्या ट्रॅकवर धावणार किती मुलं? प्रत्येक शर्यतीत आठ. शाळेतली बाकीची साडेतीनशे बाहेर बसून टाळ्या वाजवणार. त्या साडेतीनशेंचं काय करायचं, हे त्याच विद्यार्थ्याला इतक्याच खात्रीने सांगता येत नाही. कारण ते त्याच्याकडून तितक्या वेळा करून घेतलेलंच नसतं.

एका महाविद्यालयाचा सराव पाठ मी मैदानाच्या कडेला बसून पाहिला आहे. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारा विद्यार्थी, इस्त्रीच्या पांढऱ्या ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. पाठ टाचण मार्गदर्शक प्राध्यापकांच्या हातात, खुर्ची कडुनिंबाच्या सावलीत. घटक होता व्हॉलीबॉलचा अंडरआर्म पास. सावधान, विश्राम, हजेरी, गोलात धावणं, हात-मान-कंबर, मग माहिती, मग दिग्दर्शन. सगळं क्रमाने आणि मोठ्या, स्वच्छ आवाजात. त्यानंतर पंचेचाळीस मुलांची एक लांब रांग आणि एक चेंडू. पस्तीस मिनिटांच्या तासातली फार तर वीस मिनिटं हाताशी होती. एका मुलाने पुढे यायचं, चेंडू उडवायचा, चेंडू बाजूला जायचा, कोणीतरी धावत जाऊन आणायचा, यात पंधरा सेकंद धरा. म्हणजे वीस मिनिटांत ऐंशी पाळ्या. पंचेचाळीस मुलांत वाटल्या तर प्रत्येकाला दोनसुद्धा आल्या नाहीत. तासाभराच्या खटाटोपात मुलाचा हात चेंडूला लागला एकदा, फार तर दोनदा.

त्या रांगेत एक जरा अंगाने भरलेली मुलगी होती. तिचा नंबर जवळ आला की ती बुटाची लेस बांधायला खाली बसायची आणि उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. इतकं सफाईने करत होती की तिला ते वर्षानुवर्षांच्या सवयीचं असावं. छात्राध्यापकाच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्याचं लक्ष चेंडूवर होतं. प्राध्यापकांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांचं लक्ष छात्राध्यापकावर होतं. शेऱ्यात लिहिलं गेलं: आज्ञा स्पष्ट, वर्गनियंत्रण चांगलं, उद्दिष्टं साध्य.

हा छात्राध्यापक आळशी नव्हता, मठ्ठ तर मुळीच नव्हता. जे तपासलं जाणार होतं ते त्याने चोख केलं. दोष तपासणीचा आहे. पाठाचे गुण छात्राध्यापकाकडे बघून दिले जातात, मुलांकडे बघून नाही. त्याऐवजी निरीक्षकाने हातात स्टॉपवॉच घ्यावं, रांगेतलं कुठलंही एक मूल निवडावं आणि ते मूल तासात खरोखर किती मिनिटं हललं एवढंच मोजावं. दर पाठाला वेगळं मूल. यासाठी ना उपकरण लागतं ना अनुदान. मग छात्राध्यापक आपोआप रांग मोडेल. पाच-पाचचे गट करील, चेंडू नसले तर मोज्यांत चिंध्या भरून करील, फुगे आणील, अर्धा वर्ग भिंतीवर पास मारील. लेस बांधणाऱ्या मुलीला लपायला रांगच उरणार नाही. पाच जणांच्या गटात, सगळं मैदान बघत नसताना, ती कदाचित चेंडूला हातही लावील.

आता प्रवेशाकडे बघा. बी.पी.एड.ची सीईटी असते, मैदानी चाचणी असते, स्पर्धेतल्या सहभागाची प्रमाणपत्रं लागतात. म्हणजे जो धावतो, उडी मारतो, ज्याला लहानपणापासून खेळ जमत आला, तोच आत येतो. वरवर बघता रास्तच. पण ज्याला पोहणं कधी अवघड गेलंच नाही त्याला पाण्याची भीती कशी कळणार? उत्तम खेळाडूला अनेकदा हे सांगताच येत नाही की तो जे करतो ते कसं करतो, कारण ते त्याने कधी तुकडे करून शिकलेलंच नसतं. क्रिकेटचे नामवंत प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या नावावर खेळाडू म्हणून एकच प्रथम श्रेणी सामना आहे. पी. टी. उषाला घडवणारे ओ. एम. नंबियार हवाई दलातले धावपटू. ऑलिंपिक त्यांच्या वाट्याला आलं नाही, पण ते पतियाळाहून प्रशिक्षणाचं शास्त्र शिकून आले होते. खेळता येणं आणि शिकवता येणं यांचं नातं आपण समजतो तितकं जवळचं नाही.

खाशाबांच्या बाबतीत कोल्हापुरात एक हकीकत सांगतात. राजाराम कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना आधी घेतलंच नव्हतं. क्रीडाशिक्षकांना ही लहानखुरी अंगकाठी कुस्तीची वाटली नाही. खाशाबा प्राचार्यांकडे गेले आणि प्राचार्यांनी त्यांना उतरवलं. हेच ते प्राचार्य खर्डेकर, ज्यांनी पुढे हेलसिंकी ऑलिंपिकच्या खर्चासाठी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चं ते कांस्यपदक आपण मिरवतो, पण घर गहाण टाकायची वेळ येण्याच्या आधीच हा पैलवान एका तज्ज्ञाच्या नजरेतून निसटला होता, हे सांगताना आवाज जरा हळू होतो. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. उंची-वजन बघून माणूस निवडायचा, हीच नजर त्यांना मिळाली होती. आजही आम्ही तीच देतो. खेलो इंडियाच्या फिटनेस चाचण्यांत उंची-वजन, पन्नास मीटर, सहाशे मीटर, जोर, पोटाचे व्यायाम, पुढे वाकणं, सगळं मोजून ॲपवर भरलं जातं. भरलेल्या आकड्यांचं पुढच्या सोमवारी त्या वर्गासाठी काय करायचं, हे शिक्षकाला कोणी शिकवत नाही.

शिक्षकाला संघाकडे ढकलणारी आणखी एक गोष्ट आहे. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट. वर पोचलेल्याला दहावी-बारावीला क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. शाळेच्या दर्शनी फलकावर फोटो येतो तो जिंकलेल्या संघाचा. सहावी-ब मधल्या सगळ्या मुलांना या वर्षी दोरीवरच्या उड्या जमायला लागल्या, याचा फोटो कोणी लावत नाही. मग सर काय करणार? बारा जणांचा संघ घेऊन मैदानाच्या एका टोकाला, आणि बाकीच्या वर्गाला एक फुटबॉल टाकून देणार. त्या फुटबॉलवर दांडगी दहा मुलं खेळतात, बाकीची मुलं कडेने गप्पा मारतात, मुली पायऱ्यांवर बसतात.

मुलींचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबायला हवं. ‘सर, आज बरं नाहीये’ असं म्हणून पायरीवर बसलेल्या आठवीतल्या मुलीशी काय बोलायचं, हे तेवीस वर्षांच्या पुरुष छात्राध्यापकाला कोणीही सांगितलेलं नसतं. तोही बिचारा अवघडतो, मान हलवतो आणि पुढे जातो. महिन्यातून एकदा बसलेली मुलगी हळूहळू दर आठवड्याला बसायला लागते आणि नववीत गेल्यावर तिचं मैदान कायमचं सुटतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. सहाशे मीटर धावून धापा टाकणारी मुलगी दर वेळी कामचुकार नसते. तिचं हिमोग्लोबिन नऊ असू शकतं. शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात हिमोग्लोबिनची व्याख्या पाठ झालेली असते. समोरच्या फिकट ओठांशी ती जोडायचं काम मात्र राहून जातं. अपंग मुलांचं तर विचारूच नका. त्यांना स्कोअर लिहायला बसवतात आणि त्यालाच समावेशक शिक्षण म्हणतात.

म्हणून बी.पी.एड.ची दोन वर्षं उलटी मांडायला हवीत. कागदावर छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा काळ, आहेच. तो पाहुण्यासारखा जाऊन येण्याचा असू नये. पूर्ण एक सत्र एकाच शाळेत, एकाच वर्गाबरोबर काढावं. जूनमध्ये ज्या मुलाला चेंडू झेलता येत नव्हता त्याला दिवाळीपर्यंत येतो की नाही, हे त्याच छात्राध्यापकाने बघावं. शाळाही जिल्हा परिषदेची किंवा साधी अनुदानित असावी, जिथे मैदान उताराचं आहे आणि साहित्याच्या खोलीची किल्ली शिपायाकडे आहे. तिथल्या अनुभवी शिक्षकाला मार्गदर्शक म्हणून मानधन द्यावं आणि गुण देण्यात त्याचं वजन प्राध्यापकाइतकं ठेवावं. क्रीडा व्यवस्थापन, संशोधन, संख्याशास्त्र हे पुढच्या पदवीला, एम.पी.एड.ला, बघता येईल. चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची भाषा आता सुरू झाली आहे. होऊ द्या, पण एकाची दोन वर्षं झाली तेव्हा जे झालं तेच दोनाची चार होताना होणार असेल, तर मुलांच्या वाट्याला आणखी दोन पेपर येतील.

प्रशिक्षकाचं दुखणं वेगळं आहे, आणि जास्त धोक्याचं. शाळेत निदान पदवी तरी मागतात. बाहेर अकादमी काढायला काहीही लागत नाही. रिक्षा चालवायची तर लायसन आणि बॅज लागतो. नऊ वर्षांची चाळीस मुलं ताब्यात घेऊन त्यांच्या गुडघ्यांवर आणि मनांवर प्रयोग करायला महापालिकेच्या मैदानावर एक फ्लेक्स पुरतो. फुटबॉलमध्ये परवान्यांची चढती शिडी आहे आणि त्या त्या पायरीपलीकडचा संघ हाताळता येत नाही. क्रिकेटमध्ये बीसीसीआयच्या पातळ्या आहेत. पतियाळाची एक वर्षाची पदविका आहे, सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र वर्गही आहे. पण हे सगळं ज्याला करावंसं वाटेल त्याने करावं. न करणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि अकादमीत मूल घालताना पालकही विचारत नाहीत. पालक विचारतात, सर कुठपर्यंत खेळलेत.

यातून काय होतं ते गल्लीगल्लीत दिसतं. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्याने वाढते. त्या काळात हाडं पुढे पळतात आणि स्नायू मागे राहतात. नेमक्या त्याच वयात, संघात जागा मिळवायची म्हणून, पायऱ्यांवरून उड्या आणि भरपूर बैठका घातल्या जातात. गुडघ्याखाली गाठ येऊन दुखायला लागलं तर ‘अंगात भिनू दे’ म्हणतात. कबड्डी आणि कुस्तीत वजनगट असतात. वजन करण्याच्या आदल्या दिवशी तेरा-चौदा वर्षांची मुलं पाणी तोडतात, जाड स्वेटर घालून उन्हात पळतात, थुंकत बसतात. हे करायला त्यांना कोणीतरी मोठा माणूसच सांगत असतो. एप्रिलच्या दुपारी विदर्भात निवड चाचण्या ठेवणारी माणसंही शहाणी म्हणून वावरतात. उष्माघात झालेल्या मुलाला आधी थंड पाण्यात घालायचं की आधी गाडी शोधायची, हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, एवढं तरी सक्तीचं असायला काय हरकत आहे?

आणि ज्याबद्दल आपण कुजबुजत बोलतो तेही. प्रशिक्षक आणि खेळाडू यांचं नातं फार असमान असतं. संघात घेणं-काढणं, बाहेरगावच्या स्पर्धा, मुक्काम, शरीराला हात लावून शिकवणं, सगळं एकाच्या हातात. २०२३ मध्ये देशाच्या पदकविजेत्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. ऑलिंपिक पदक मिळवलेल्यांची ही गत, तर तालुक्याच्या मैदानावरच्या बारा वर्षांच्या पोरीने कुठे जायचं? २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात सुरक्षित खेळाच्या धोरणाची तरतूद आली, हे चांगलं झालं. पण ती क्रीडा संघटनांपर्यंत पोचते. मैदानातल्या शिट्टीवाल्यापर्यंत ती परवान्यातूनच पोचेल. परवाना हवा तो खेळानुसार: आधी एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली एक हंगाम उमेदवारी, प्रथमोपचार, बालसुरक्षा, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, आणि ठरावीक वर्षांनी नूतनीकरण. पदवीची अट मी घालणार नाही.

ती का नाही, ते सांगतो. कारण इथे हमखास प्रश्न येतो: आचरेकर सर कुठल्या कॉलेजात शिकले होते? कोल्हापुरात गंगावेशीच्या तालमीतल्या वस्तादांकडे कुठली पदविका होती? प्रश्न रास्त आहे. शिवाजी पार्कवर यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवून, स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर सामन्यांना नेऊन आचरेकरांनी जे केलं ते कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. तालमीतला वस्ताद पोराची खुराक, झोप, घरची परिस्थिती, सगळं जाणतो. पण आचरेकर एक झाले म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. त्यांच्याच काळात किती मुलं किती जणांच्या हातांखाली मोडली, त्यांची यादी कोणी ठेवलेली नाही. शिवाय वस्तादही उमेदवारी करूनच वस्ताद होतो. वर्षानुवर्षं दुसऱ्या वस्तादाच्या नजरेखाली लाल मातीत राबतो. मी परवान्यात उमेदवारी मागतोय ती तिथूनच उचललेली आहे. खंड पडला तो तालीम आणि कॉलेज यांच्यात. कॉलेजांनी वस्तादांना पाहुणे म्हणून हार घातले, शिक्षक म्हणून कधी बोलावलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागतो: शिकवून करायचं काय, नोकऱ्या कुठे आहेत? शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पट असेल तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला शिक्षक आहे, पण तो अर्धवेळ निदेशक. कायद्यानेच अर्धा केलेला माणूस शाळा पूर्ण कशी मानणार? मराठवाड्यात, खानदेशात, सोलापूरकडे बी.पी.एड. झालेली मुलं आज काय करतात ते बघा. त्यांनी पोलीस भरतीच्या करिअर अकादम्या काढल्या आहेत. पहाटे पाचला तालुक्याच्या माळावर शंभर-दीडशे पोरं-पोरी. मुलांचे सोळाशे मीटर, मुलींचे आठशे, मग शंभर मीटर आणि गोळाफेक. तिथे सर वेळ मोजतात, टाचेचं चुकतं ते सांगतात, कोणाला ताप आहे ते ओळखतात, संध्याकाळी लेखीची तयारी घेतात. फी परवडेल तशी घेतात. शारीरिक शिक्षणाची पदवी या राज्यात सगळ्यात मन लावून कुठे वापरली जात असेल, तर ती अशा माळांवर, आणि याची नोंद कोणत्याही विद्यापीठाकडे नाही. ही माणसं नालायक असती तर ती अकादमी एका हंगामात बंद पडली असती. म्हणजे उमेदवार चांगले आहेत आणि शिकायचीही तयारी आहे.

नोकऱ्या नाहीत म्हणून शिक्षण ढिलं, आणि शिक्षण ढिलं म्हणून ‘पी.टी.चा शिक्षक हवाच कशाला’ असं म्हणायला संस्थाचालक मोकळे, असं हे चाललं आहे. विनाअनुदानित महाविद्यालयांचं पीक आलं तेव्हा काही ठिकाणी हजेरी मस्टरवरच लागायची आणि विद्यार्थी परीक्षेपुरते उगवायचे, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या पदव्यांनी खऱ्या कष्टाने शिकलेल्यांची किंमतही उतरवली. मुख्याध्यापकाला एकदा तरी असा शिक्षक भेटावा लागतो, ज्याच्या तासाला सगळा वर्ग घामाघूम होऊन, हसत परत येतो. मग तो तास गणिताला देताना त्याचाही हात अडखळेल.

मोठी कामं सरकारची आहेत: पदं भरणं, अर्धवेळ शब्द काढणं, परवान्याचा कायदा. त्यांना वेळ लागेल. पहिली ते पाचवीत, जिथे फेकणं-झेलणं-लंगडी-उडी यांचा पाया पडतो, तिथे तर या विषयाचा शिक्षकच नाही आणि प्राथमिक शिक्षकांच्या डी.एल.एड. पदविकेच्या वर्गात तो विषय तोंडी लावण्यापुरता. तेही लांबचं काम. पण सराव पाठाचे गुण कसे द्यायचे हे अध्यापक शिक्षण परिषद ठरवत नाही आणि मंत्रालयही नाही. ते विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, ज्यावर याच महाविद्यालयांचे प्राध्यापक बसतात. निरीक्षण तक्त्यात ‘आज्ञा’ आणि ‘गणवेश’ या रकान्यांच्या आधी एक रकाना घालायचा आहे: निवडलेलं मूल, प्रत्यक्ष हालचालीची मिनिटं. अमरावती आणि पुण्याच्या जुन्या, नावाजलेल्या महाविद्यालयांनी हे या जूनपासून सुरू केलं तर त्यांना अडवणारा कोणताही शासन निर्णय अस्तित्वात नाही.